खोल बाजूची वाट

७ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

आज बोरवंडीच्या शेतावर एकटीच जाऊन आले. हे मागच्या पौषात गेले, त्यानंतर फाटकाला कुलूप होतं, वाटेकरी पेरणीपुरता उघडायचा. तूर कशी आहे ते एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून उदगीरहून सकाळच्या एसटीने निघाले.

फाटकाशी तिघे पुरुष उभे. हातात लांबलचक पिशव्या. मला वाटलं मोजणीवाले आले. त्यातला वयस्कर पुढे आला, पांढऱ्या मिशा, डोक्याला मफलर. हात जोडून म्हणाला, "नमस्कार वहिनी. मी आनंदराज. नांदेडचा. रेल्वेत गार्ड होतो, आता रिटायर झालो."

ओळख ना पाळख आणि थेट वहिनी. मी विचारलं, काय काम आहे? तर म्हणे, तळ्यावर गळ टाकायला जायचंय. सोसायटीची पावती आहे, पण खोल बाजूला जायची वाट तुमच्याच शेतातून आहे.

मी सरळ सांगितलं, "आम्ही लिंगायत माणसं. गळ्यात लिंग आहे आमच्या. आमच्या बांधावरून कुणी मासे मारायला जाणार नाही."

वाद घालेल असं वाटलं होतं. घातला नाही. नुसतं विचारलं, "आप्पांना लई त्रास झाला का हो, शेवटी?"

यांना सगळे आप्पा म्हणायचे हे खरं, पण नांदेडच्या माणसाला काय ठाऊक? आमच्या कापडाच्या दुकानाचं गिऱ्हाईक असेल. मी त्रास झाला नाही म्हणाले आणि आत जाऊन फाटक लावून घेतलं.

तूर चांगली आहे. फुलावर आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

तेच तिघे परत. आज आत यायचं नावही काढलं नाही. फाटकाबाहेर बाभळीखाली डबे सोडून जेवत बसले. जेवण झाल्यावर आनंदराज म्हणाला, "समाधीला हात जोडून जाऊ का? पिशव्या इथंच ठेवतो."

समाधीला नाही कसं म्हणायचं? यांना पाण्याकडच्या कोपऱ्यात माती दिली आहे. तशी त्यांचीच इच्छा होती. तिथे लिंबाची सावली आहे, म्हणून असेल.

आनंदराज पुढे, मी मागे. मध्ये एक बुजलेला आड आहे, गवतात दिसतसुद्धा नाही. मीच दरवेळी अडखळते. हा माणूस बोलता बोलता त्याला वळसा घालून गेला, खाली न बघता. रेल्वेतल्या माणसांची नजर तेज असते.

समाधीपाशी तिघांनी बेलाची पानं ठेवली. घरून आणली होती. एकाचे डोळे भरून आले. मला जरा अवघडल्यासारखं झालं. दुकानदाराबद्दल एवढी माया?

एक कळत नाही. तिघेही रिटायर्ड, आठवड्याचे सगळे दिवस मोकळे. मग गुरुवारीच का येतात? गुरुवारी आमचं दुकान बंद असायचं आणि हे शेतावर यायचे, म्हणून मलाही गुरुवारचीच सवय लागली आहे. या तिघांचं काय?

१६ नोव्हेंबर

गुरुलिंगभावजी आले होते. धाकटे दीर असले तरी घरात मोठ्यासारखे वागतात. चहा घेतला आणि विषयाला हात घातला. लातूरचा एक हॉटेलवाला शेत मागतोय, संपूर्ण तीन एकर.

"वैनी, माळ जमीन ती. कोण कसून राहिलंय? त्याला शेतीचं काही न्हाई पडलं. त्याला पाणी पायजे."

मग समजावून सांगितलं. तळ्याच्या एका अंगाला धरणाची भिंत आणि उथळ पाणी. दुसऱ्या अंगाला खडक आणि काटेरी रान. जुन्या नदीचं पात्र जिथं बुडालं आहे ती खोल बाजू, तिथं पायी पोचायचं तर आमच्याच शेतातून. हॉटेलवाला तिथे खोल्या बांधणार. पुण्या-हैदराबादची माणसं गळ घेऊन येऊन राहणार. बाकी कुणाला प्रवेश नाही.

"आणि समाधी?"

"तेवढा कोपरा सोडतो म्हणलाय. आजूबाजूला फुलझाडं लावतो म्हणलाय."

विचार करते म्हणाले. मासे मारायलाच येणार असतील तर गरीब काय आणि श्रीमंत काय, मला सारखंच.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज शेतावर साखराबाई भेटली. मच्छीमार सोसायटीची ती चेअरमन. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, एका फळीने पाणी मागे सारत, पलीकडून आली. साठीची असेल. मी शिकवायचे त्या शाळेत तिच्या दोन्ही मुली होत्या.

"बाई, शेत इकून राहिल्यात म्हणं?"

बातमी पाण्यावरूनही जाते. अजून काही ठरलं नाही, मी म्हणाले.

ती बांधावर टेकली. "बघा, पाणी सरकारचं. मासा सोसायटीचा, आमी ठेका भरतो. वाट तुमची. तिन्ही जमलं तर चालतंय. त्यो हॉटेलवाला वाट घेईल, मंग हळूच म्हणंल, ह्या अंगाला जाळं लावू नका, पाव्हण्याला तरास होतो."

मी म्हणाले, गळवाल्यांचा तुला काय फायदा? ते तर तुझेच मासे नेतात.

"न्हाई नेत. सोडून देत्यात."

"सोडायचा तर धरायचा कशाला?"

साखराबाई हसली. "मीबी आप्पाला हेच इचारलं व्हतं. आप्पा म्हणले..." आणि मध्येच थांबली. तराफा वाहून चालला म्हणत उठली. तराफा तर दगडाला बांधलेला होता.

म्हणजे हे साखराबाईशी मासेवाल्यांबद्दल बोलले होते. बहुतेक यांनीही त्यांना अडवलं असणार.

जाताना म्हणाली, "एक डाव सोडा की त्येंना आत. तुमी सोता बसा हितं. वंगाळ वाटलं तर घाला परत कुलूप."

पुढच्या गुरुवारी सोडेन म्हणाले. स्वतः बसून बघणार आहे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

बघितलं. जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी थंडी होती, पाण्यावर धूर. आनंदराजने आधी पीठ मळलं. बेसन, थोडी कणीक, गुळाचं पाणी आणि वर भरडलेली बडीशेप. वास आला आणि मला एकदम घरचं स्वयंपाकघर आठवलं. हे दर गुरुवारी अस्संच पीठ डब्यात घेऊन निघायचे. शेतातल्या मुंग्यांना घालायला. मी स्वतः बडीशेप भरडून द्यायचे, पुण्याचं काम म्हणून. मुंग्यांना जो वास आवडतो तो माशांनाही आवडत असेल. जीव तेवढेच.

मग बसणं. नुसतं बसणं. माझा समज होता की हे लोक दारू पितात, गाणी लावतात. तिघेही पुतळ्यासारखे. काठावर एक सपाट दगड रिकामा होता, बसायला सगळ्यांत चांगला. मी विचारलं, इथं कुणी का बसत नाही? आनंदराज म्हणाला, "तुम्ही बसा." मी बसले. पाठ टेकायला मागे खडक, पाय सोडायला खाली खाच. उन्हाने दगड ऊबदार झालेला. तिघांनीही माझ्याकडे बघायचं टाळलं.

अकराच्या सुमाराला गळाची दांडी वाकली. कटला मासा लागला. बराच वेळ ओढाताण. मला ते बघवेना आणि नजरही हलवता येईना. शेवटी काठाशी आला, केवढा मोठा, खवले रुपयासारखे. आनंदराजने आधी आपले हात पाण्यात भिजवले. कोरडा हात लागला तर माशाची कातडी भाजते म्हणे. गळाला उलटा काटा नव्हता, घासून काढलेला. चिमटीने सुटला. मासा त्याच्या हातात पाण्यातच थोडा वेळ थांबला, कल्ले हलवत, आणि मग गेला.

क्रूर आहे का? आहे. त्याच्या ओठाला लागलंच असणार. पण मी ज्याला हिंसा समजत होते ते हे नव्हतं. याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही. वेळ कसा गेला कळलं नाही, हे मात्र खरं.

फाटक पुढच्या गुरुवारीही उघडं ठेवते म्हणाले.

६ डिसेंबर

स्वप्नालीचा पुण्याहून फोन. काकांनी तिलाही सांगितलंय. "आई, विकून टाक. तू एकटी तिथे एसटीने जातेस, मला काळजी वाटते." तिचंही चुकीचं नाही. मी म्हणाले, येळवशीपर्यंत, वेळ अमावस्येपर्यंत थांबा, मग सांगते.

१२ डिसेंबर, गुरुवार

हॉटेलवाला आला होता. माणूस बोलायला नम्र. बूट काढून समाधीला नमस्कार केला. मग खोल बाजूकडे हात करून म्हणाला, "मॅडम, अशी जागा मराठवाड्यात दुसरी नाही. कुंपण घातलं की एकदम शांतता."

आनंदराज आणि मंडळी लांब बसली होती. ती आत्ताही काही आवाज करत नव्हती.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज मी शांत नाही.

दुपारी आनंदराजला एक रोहू लागला, मध्यमच. नेहमीसारखे हात भिजवले, गळ काढला आणि मासा सोडताना तोंडातल्या तोंडात पुटपुटला, "शरणु शरणार्थी."

मी दगडावरून उठलेच. हा आमचा नमस्कार. लिंगायताने लिंगायताला घालायचा. मठात, घरात, लग्नकार्यात. नांदेडच्या रेल्वेवाल्याच्या तोंडात तो कुठून आला?

"हे कुठं शिकलात तुम्ही?"

तो गळाला नवं पीठ लावायला लागला. बाकीचे दोघे सामान आवरायचं निमित्त करून बाजूला गेले.

"आनंदराज, मी विचारतेय."

"वहिनी," तो म्हणाला, "आप्पा प्रत्येक माशाला म्हणायचे. सोडताना. आम्हाला सवय लागली."

मी खाली बसले. तो दगड, तो आड, बेसन, बडीशेप, पाण्याकडचा कोपरा. पोराला गणित सुटत नाही, सुटत नाही आणि एकदम सुटतं, तसं झालं. पण पोराला आनंद होतो.

"किती वर्षं?"

"मी भेटलो त्याच्या आधीपासून टाकत होते. आम्हाला हे सगळं त्यांनीच शिकवलं. काटा घासायचं, हात भिजवायचं. आप्पांनी एक मासा मारला न्हाई, वहिनी. शपथेवर सांगतो. एकदा एक गळ गिळलेला निघाला, वाचला न्हाई, तर पुढं महिनाभर दांडीला हात लावला नव्हता."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला वाईट वाटंल म्हणून."

"आणि आता बरं वाटतंय?"

 मी पिशवी उचलली आणि फाट्यावर येऊन एसटीची वाट बघत उभी राहिले.

२० डिसेंबर

दर गुरुवारी संध्याकाळी शेतावरून आले की आधी अंघोळ. मी पाणी तापवून ठेवायचे. शेतातली धूळ, म्हणायचे. अंघोळ करून, विभूती लावून, शिवपूजा करून मगच जेवायला बसायचे. मी मनात म्हणायचे, केवढा सोवळा माणूस.

मला मासा टोचत नाही. मी खूप विचार करून बघितलं, मासा नाहीच टोचत. माझ्या हातची भरडलेली बडीशेप टोचते. ती घेताना माझ्याकडे बघून हसायचे, ते टोचतं. साखराबाईला माहीत, नांदेडच्या तिघांना माहीत. मी सोडून सगळ्या तळ्याला माहीत.

दुपारी भावजींना फोन केला. मीच म्हणाले, शेत देऊन टाका.

२४ डिसेंबर

भावजी खुशीत आले. येळवशीला हॉटेलवाल्याला शेतावरच बोलावू, तिथेच शब्द देऊ, शुभ दिवस आहे, असं ठरवून मोकळे.

मी विचारलं, "तुमचे दादा तळ्यावर गळ टाकायचे, तुम्हाला ठाऊक होतं?"

भावजींनी कप खाली ठेवला. "हाव. लहानपणापासून. आमच्या वडलानं एकदा चिंचेच्या फोकानं मारलं होतं त्यापायी. तरी सुटलं न्हाई. लगीन झाल्यावर म्हणायचा, उमादेवीला सांगतो, उमादेवीला सांगतो. पण धीर झाला न्हाई त्याला."

"धीर कशाला लागतो? मी काय कुणाला खाते?"

भावजींनी ओठ आवळले. चहा संपवला आणि चपला घालू लागले. एवढं हसू दाबण्यासारखं त्यात काय होतं, मला समजलं नाही.

३१ डिसेंबर

काल वेळ अमावस्या झाली. रात्री थकून झोपले, म्हणून आज लिहिते.

मागच्या वर्षी येळवशीला हे आजारी होते, शेतावर कुणीच गेलं नाही. यंदा शेवटचीच येळवस, नीट करावी असं वाटलं. शेजारच्या कमलम्माला हाताशी घेऊन पहाटेपासून दाणे-पालेभाज्यांची भज्जी शिजवली, बाजरीचे उंडे वळले, खीर केली. आंबील आदल्या दिवशीच माठात घातली होती. टेम्पो करून सगळं शेतावर नेलं. कडब्याची खोप उभी केली, आत पाच दगडांचे पांडव मांडले, पूजा केली, आंबील शिंपडत तुरीला फेरी मारली.

बोलावणं मी कुणालाच केलं नव्हतं. येळवशीला करायचं नसतंच. ज्याला वाट दिसेल तो येतो.

आधी साखराबाई आली, सोसायटीच्या बायका-माणसांसकट, तराफ्यांवरून. सणाची लुगडी वर खोचून पाण्यातून उतरल्या. मग नांदेडची मंडळी. आनंदराज फाटकापाशी थांबला, त्या गुरुवारनंतर आत यावं की नाही अशा विचारात. मी म्हणाले, "या. भज्जी निवतेय." बस, एवढंच बोलले. तो आला आणि न सांगता पाण्याच्या घागरी भरायला लागला.

भावजी हॉटेलवाल्याला घेऊन आले तेव्हा चाळीसेक माणूस पंगतीला होतं. त्यांनाही बसवलं. हॉटेलवाल्याने आवडीने भज्जी मागून घेतली, दोनदा. बाजूला साखराबाईची म्हातारी सासू बसली होती, तिच्याशीही चांगलं बोलला. मी सांगितलं ना, माणूस वाईट नाही.

जेवणं झाल्यावर तो, भावजी आणि मी लिंबाखाली बसलो. तो म्हणाला, "मॅडम, फार छान वाटलं. पुढच्या वर्षीही करू येळवस. आमच्या गेस्टना आवडेल. फक्त ही एवढी गर्दी नसेल, मोजकी माणसं."

"आणि ही माणसं?"

"ती त्यांच्या त्यांच्या जागी करतील ना."

तिकडे आनंदराज साखराबाईच्या सासूला हात धरून तराफ्यावर बसवत होता. म्हातारी त्याला आंबील कशी आंबट झाली ते सांगून भांडत होती. त्या भांडणात मध्येच म्हणाली, "आप्पा असता तर ह्यो माठ एकट्यानं संपिवला असता." सगळे हसले. मीही हसले. हसल्यावर कळलं की आपण हसलो.

मी म्हणाले, "भावजी, शेत द्यायचं नाही."

भावजी ताडकन म्हणाले, "वैनी, शब्द दिलाय तुमी!"

"फोनवर दिला होता, रागात. तुमच्यावरचा नव्हता तो राग. या पाहुण्यांना इथवर हेलपाटा पडला, त्याची मी माफी मागते." मी हॉटेलवाल्याकडे वळले. "येळवशीला ज्या शेतात मोजून माणसं येतात, ते शेत मला नको. तुम्ही मात्र या पुढच्या वर्षी. बोलावणं नसतं, तसेच या."

 तो उठला, हात जोडले. भावजी रागाने निघून गेले. जाताना डबा मात्र घेऊन गेले.

संध्याकाळी साखराबाईला आणि आनंदराजला समोर बसवून सांगितलं. वाट उघडी राहील. सोसायटीलाही आणि गळवाल्यांनाही. आषाढ-श्रावणात मासा अंड्यावर असतो तेव्हा कुणीही यायचं नाही. काटा असलेला गळ मला या बांधावर दिसता कामा नये.

साखराबाई म्हणाली, "बाई, शाळा सुटली तरी बाई ती बाईच."

२ जानेवारी २०२५, गुरुवार

आज आनंदराजने एक दांडी माझ्या हातात दिली. यांची नाही, यांची कुठे आहे ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मी म्हणाले होते, एकदा धरून बघते, बास.

पीठ त्याने लावलं, फेकलीही त्यानेच. मी फक्त धरून बसले. तास गेला. काही नाही. दुसरा तास गेला. तळ्यावर पाणकावळे बुडत होते, निघत होते. मासा म्हणून काही लागेना. मला कंटाळा आला का? नाही आला. पण यांना इथे काय सापडत होतं तेही सापडलं नाही. ते त्यांच्यापाशीच राहिलं. राहू दे.

दांडी दोन दगडांत टेकवून मी शेंगा सोलत बसले. आनंदराज जवळ येऊन बसला.  मग म्हणाला, "वहिनी, एक विचारू? आप्पा घरी कसे होते हो?"

"म्हणजे?"

"आम्हाला हितले आप्पा ठाऊक. घरचे न्हाई. ते कधी बोलायचे न्हाईत."

वर्ष होत आलं. भेटायला आलेल्या सगळ्यांनी विचारलं, कसे गेले? कुठल्या दवाखान्यात? शेवटी काय बोलले? कसे होते, असं कुणी विचारलं नव्हतं.

मी सुरुवात केली. पालीला भ्यायचे ते सांगितलं, एवढा उंच माणूस, पाल दिसली की खुर्चीवर चढायचा. बाकीचे दोघे आपापल्या दांड्या सोडून जवळ आले. स्वप्नालीच्या लग्नात कन्यादान होताच मांडवामागे जाऊन दोन ताटं जिलेबी खाल्ली ते सांगितलं. आनंदराज म्हणाला, "आप्पा आन् गोड? हितं तर चहाबी बिनसाखरेचा प्यायचे!" मी म्हणाले, "डॉक्टरने सांगितलं होतं म्हणून. घरी चोरून खायचे." त्यावर तिघे असे हसले की पाणकावळे उडाले.

तेवढ्यात माझ्या दांडीचं टोक हललं. मी बघितलं, पुन्हा हललं, आणि वाकलं.

"अहो, मासा लागला वाटतं."

"सुटंल त्यो आपोआप," आनंदराज म्हणाला. "जिलेबीचं सांगा."